अंगठ्याचा क्रूस

रविवारच्या तिन्ही मिस्सा आटोपतात, दानपेटीतील रक्कम मोजून होते, मंडळाचे दोघे सभासद हिशेबाच्या वहीवर सह्या करून घरी जातात, आणि मग आमच्या कार्यालयात तासभर निवांतपणा असतो. त्या वेळी येणारा माणूस सहसा दाखला मागायला येत नाही. तो काहीतरी सांगायला आलेला असतो, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने आम्हांला कळते.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील एक माउली छत्री मिटत दारात उभी राहिली. तिचे यजमान त्याच्या दोन वर्षे आधी कर्करोगाने प्रभुघरी गेले. त्यांची अंत्यमिस्सा आम्हीच केली होती. घरात ती आणि मुंबईतल्या एका हॉटेलात नोकरीला लागलेला तिचा तेवीस वर्षांचा मुलगा, एवढेच कुटुंब.

“फादर, पोरगा अंगावर गोंदवून घ्यायचं म्हणतो. तुम्ही त्याला चार शब्द सांगा, तुमचं तो ऐकेल,” ती म्हणाली. मग जरा थांबून, तिला अधिक खटकणारी गोष्ट तिने पुढे ठेवली. “त्यातून ती शाई म्हणे दिसतच नाही. जी दिसतच नाही तिच्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे?”

मुलाला पाठवून द्या, असे आम्ही तिला सांगितले. उपदेश करणे हे आमचे कामच आहे. त्याची संधी कोणी घरपोच आणून दिली तर आम्ही ती सहसा सोडीत नाही.

पुढच्या रविवारी त्याच वेळी मुलगा आला. आम्ही तयारीत होतो. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय उघडूनच ठेवला होता. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नयेत, अंग गोंदवून घेऊ नये, असा नियम तेथे इस्राएल लोकांना घालून दिलेला आहे. मुलाने तो शांतपणे वाचला. मग त्याने बोट त्याच पानावर थोडे वर सरकवले.

“फादर, दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नये, असंही याच अध्यायात आहे. तुमचा झगा टेरिकॉटचा आहे ना?”

आमच्या धर्मशिक्षण वर्गांची मुले बायबल वाचतात याचा आनंद मानावा की खेद, हे त्या क्षणी आम्हांला ठरवता येईना.

खरे पाहता, गोंदणाबाबत ख्रिस्तसभेने विश्वासणाऱ्यांवर सरसकट बंदी घातलेली नाही. उलट अनेक देशांतील ख्रिस्ती लोकांनी आपली श्रद्धा कातडीवर कोरून घेतलेली आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदवून घेतात. इथिओपिया आणि इरिट्रियातील कित्येक ख्रिस्ती स्त्रियांच्या कपाळावर क्रूस गोंदलेला असतो. बोस्नियातील कॅथलिक स्त्रियांच्या हातांवर तुर्की अमदानीपासून क्रुसाच्या नक्ष्या गोंदलेल्या असत. जेरुसलेमच्या जुन्या शहरात यात्रेकरूंना यात्रेची खूण गोंदून देणारे रझूक नावाचे एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करीत आले आहे. नक्षीचे जुने लाकडी ठसेही त्यांनी जपून ठेवले आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांना १९ मार्च २०१८ रोजी रोममध्ये युवकांच्या एका सभेत युक्रेनच्या एका सेमिनरी विद्यार्थ्याने गोंदणाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी भिऊ नका असेच सांगितले. गोंदण ही आपण कुणाचे आहोत हे सांगणारी खूण असते. तेव्हा ती पाहून घाबरण्यापेक्षा त्या तरुणाला तिचा अर्थ विचारावा आणि तेथून संवाद सुरू करावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

हे सारे आम्हांला ठाऊक होते. तरीही आम्ही लेवीय पुस्तकच उघडून बसलो होतो. आता मात्र ते मिटून ठेवले आणि त्याला विचारले, “पण न दिसणारी शाई कशासाठी?”

उत्तरादाखल त्याने आमच्या टेबलाकडे पाहिले. २०१६ सालच्या नोटबंदीनंतर दानाच्या नोटा तपासण्यासाठी मंडळाने एक लहान जांभळा दिवा विकत घेतला होता. तो तेथेच होता. मुलाने खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा लावला. खिशातील एक नोट त्याने खाली धरली, तशा तिच्यातील एरवी न दिसणाऱ्या काही खुणा चमकू लागल्या. “अशीच असते ती शाई. साध्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. या दिव्याखाली हात धरला की उजळते. हॉटेलात अंगावर दिसणारं गोंदण चालत नाही, फादर. पण कारण ते नाही.”

तेवढ्यात आमचे लक्ष आमच्याच बाहीकडे गेले. झग्याची बाही निळसर पांढऱ्या तेजाने उजळून निघाली होती. एखाद्या संताच्या चित्रात शोभावे असे ते तेज होते! मुलगा हसला. “ती साबणाच्या भुकटीची करामत आहे, फादर.”

मग हसू मावळले आणि त्याने कारण सांगितले.

“मी कामाला निघालो की बाबा अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढायचे. लहानपणी शाळेत जाताना काढायचे, तसाच. बसला उशीर झाला तरी काढायचेच. तो क्रूस कुणाला दिसायचा नाही, पण स्टेशनापर्यंत मला तो जाणवायचा. तसाच एक हवा आहे. लोकांना दाखवायला नको.” तो थोडा वेळ थांबला. “आणि दुसरं असं की बाबांनी आजार सहा महिने लपवून ठेवला. आम्हांला त्रास नको म्हणून. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. कपाळावरचा क्रूस न दिसणारा होता आणि आजारही न दिसणारा. एक त्यांनी मला दिला, दुसरा मला द्यायला हवा होता तो दिला नाही.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. “पुढच्या रविवारी ये,” एवढेच आम्ही म्हणालो. तो गेल्यावर कार्यालयाचे दार लावून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. त्या मुलाला ठाऊक नव्हते, त्याच्या आईला ठाऊक नव्हते, धर्मग्रामात जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते, की ज्याच्याकडे तो गोंदणाबद्दल विचारायला आला होता त्या धर्मगुरूच्या अंगावर तीन ठिकाणी गोंदलेले आहे.

त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. रक्ताच्या एका तपासणीत पीएसए नावाचा आकडा वाढलेला निघाला. पुढच्या तपासण्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निश्चित झाले. तो वेळेवर सापडला होता. मुंबईच्या एका इस्पितळात सोमवार ते शुक्रवार असे चार आठवडे, एकूण वीस वेळा किरणोपचार घ्यावे लागतील असे ठरले. आमचे बिशप आणि आमचे साहाय्यक धर्मगुरू यांनाच आम्ही ते कळवले. धर्मग्रामात सांगितले ते असे, की मुंबईत एका अभ्यासवर्गासाठी महिनाभर जाऊन येऊन करावे लागणार आहे. वेदीवरून सांगितले. सूचनांच्या वेळी, नाताळच्या गायनवृंदाच्या सूचनेनंतर.

लोकांनी काळजी करू नये म्हणून तसे सांगितले, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. ते पूर्ण सत्य नव्हते. आजार ज्या अवयवाचा होता त्याचे नाव धर्मगुरूच्या तोंडी येणे आम्हांला लाजिरवाणे वाटत होते. शिवाय, गेली तीस वर्षे आम्ही आजाऱ्यांच्या खाटेशेजारी उभे राहत आलो होतो. खाटेवर पडण्याची आम्हांला सवय नव्हती.

उपचारांच्या आधी शरीराचे स्कॅन करून ओटीपोटावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक, असे तीन ठिपके सुईने गोंदतात. शाईचा एक काळा थेंब आणि सुईची एक टोच. ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा. दर खेपेला शरीर नेमके त्याच स्थितीत ठेवता यावे, किरण मिलिमीटरभरही भलतीकडे जाऊ नयेत, म्हणून ही व्यवस्था. “हे आता पुसलं जाणार नाही, फादर,” तेथील तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. पुसले न जाणाऱ्या खुणेविषयी आम्ही स्वतः किती वेळा बोललो होतो! स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन संस्कार आत्म्यावर अमिट मुद्रा उमटवतात, म्हणून ते पुन्हा देत नाहीत, हे दरवर्षी दृढीकरणाच्या मुलांकडून आम्ही पाठ करून घेतो. आमच्यावर त्या तिन्ही मुद्रा आहेत. आता त्यांत तीन ठिपक्यांची भर पडली.

पुढचे वीस दिवस आम्ही सकाळची मिस्सा करून विरारहून सुटणारी लोकल गाठीत असू. इस्पितळात पोहोचल्यावर मूत्राशय भरावे म्हणून भरपूर पाणी प्यायचे आणि आपला क्रमांक येईपर्यंत दम धरून बसायचे. मग टेबलावर झोपायचे. खोलीतले दिवे मंद होत आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींतून व छतातून लेसरच्या बारीक रेषा अंगावर उतरत. एक उभी, एक आडवी. तंत्रज्ञ आम्हांला तसूभर इकडे, तसूभर तिकडे सरकवीत. त्या दोन रेषा ज्या जागी एकमेकींना छेदत ती जागा ठिपक्यावर आली की ते थांबत. ठिपक्यावर प्रकाशाचा एक लहानसा क्रूस पडलेला असे. मग सारे बाहेर जात, जाड दार बंद होई आणि यंत्र आमच्याभोवती फिरू लागे. त्या वेळी आम्ही प्रार्थना करीत होतो असे लिहिता आले असते, पण आम्ही आकडे मोजीत होतो.

दुसऱ्या आठवड्यात, प्रतीक्षालयात हातात पाण्याची बाटली घेऊन बसलेलो असताना समोर आमच्याच धर्मग्रामातील एक बाई येऊन उभ्या राहिल्या. कित्येक वर्षे त्यांनी धर्मशिक्षणाच्या वर्गांना शिकवले आहे. त्यांचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाल्याचे आम्हांला माहीत होते. आम्हीच त्यांच्या घरी जाऊन त्यांना आजाऱ्यांचा तैलाभ्यंग दिला होता. त्याही किरणोपचारांसाठी येत होत्या.

“फादर, तुम्ही इथे?”

“एका आजाऱ्याला भेटायला आलो आहोत,” आम्ही म्हणालो.

त्यांनी आमच्या हातातल्या बाटलीकडे पाहिले. मांडीवरच्या फाइलकडे पाहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “बरं झालं आलात. तो बरा होईल, फादर.” आणि शेजारी बसल्या.

पुढे आम्ही अनेकदा तेथे शेजारी बसलो. त्यांनी त्या आजाऱ्याची पुन्हा कधी चौकशी केली नाही आणि गावात कोणाजवळ शब्दही काढला नाही. एकदा पदर सारखा करताना मात्र त्या म्हणाल्या, “हा एक ठिपका गळ्याच्या जरा खाली आहे. आता सगळे ब्लाउज बंद गळ्याचे शिवून घेतले. तरी आरशात पाहिलं की पहिली नजर तिथेच जाते. आजार बरा होईल, पण तो होऊन गेला हे हा ठिपका रोज सांगत राहील.”

मुलगा त्या न दिसणाऱ्या शाईची गोष्ट सांगून गेला आणि आम्हांला या वाक्याची आठवण झाली. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. पदार्थविज्ञान राहूनच गेले. म्हणून त्या आठवड्यात आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले.

दृश्य प्रकाशातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण आहेत, हे योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली दाखवून दिले. तेच अतिनील किरण. काही पदार्थांवर हे किरण पडले की ते पदार्थ ती ऊर्जा शोषून घेतात आणि तिचा काही भाग दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने परत देतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली या क्रियेला दिलेले फ्लुओरेसन्स हे नाव आज रूढ आहे. मराठीत तिला प्रतिदीप्ती म्हणतात. हिवतापावर दिल्या जाणाऱ्या क्विनीनचे द्रावण घेऊन स्टोक्स यांनी प्रयोग केले. सूर्यप्रकाश गाळण्यासाठी चर्चच्या खिडकीची निळी काच, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे पिवळसर द्राक्षारसाचा पेला, अशी त्या प्रयोगाची आकृती पाठ्यपुस्तकांत आढळते. धर्मगुरूला या दोन्ही वस्तू परक्या नाहीत! आमच्या झग्याचे रहस्यही असेच साधे निघाले. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या भुकटीत जी द्रव्ये घालतात, ती हेच काम करतात.

आणि याच वाचनात लंडनच्या रॉयल मार्सडेन इस्पितळाची हकिकत आम्हांला सापडली. काळ्या ठिपक्यांमुळे स्त्रियांना आपल्या आजाराची रोज आठवण होते, हे तेथील लोकांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या ४६ स्त्रियांचा एक अभ्यास केला आणि त्यांतील काही जणींना काळ्या शाईऐवजी अतिनील दिव्याखालीच दिसणाऱ्या शाईचे ठिपके दिले. निष्कर्ष २०१४ साली मांडले गेले. उपचारांचा नेमकेपणा तितकाच राहिला. न दिसणाऱ्या ठिपक्यांच्या स्त्रियांपैकी ५६ टक्के जणींना महिनाभरानंतर आपल्या शरीराविषयी पूर्वीपेक्षा बरे वाटत होते. काळ्या ठिपक्यांच्या स्त्रियांत हे प्रमाण १४ टक्के होते. अभ्यास लहान होता. पण वाचताना आमच्या डोळ्यांपुढे टक्केवारी नव्हती. बंद गळ्याचे ब्लाउज होते.

एक गोष्ट मात्र आमच्या मनात घोळत राहिली. त्या लंडनच्या स्त्रियांचा ठिपका जगापासून झाकलेला होता. पण ज्यांच्या हातात उपचार होते त्यांना तो दिसत होता. दिवा लावला की तो उजळून वर येत होता. न दिसणे आणि लपवून ठेवणे या दोन गोष्टी आम्ही आजवर एकच समजत आलो होतो. प्रभू येशूने दान, प्रार्थना आणि उपवास गुप्तपणे करायला सांगितले. दिवा मापाखाली ठेवू नका, असेही त्यानेच सांगितले. या दोन वचनांचा मेळ घालणारी प्रवचने आम्ही कितीतरी वेळा केली आहेत. पण जे गुप्त ठेवायचे ते आपले पुण्य होय. आपली गरज नव्हे. आम्ही नेमके उलट केले होते. आमची प्रार्थना सर्वांना दिसत होती आणि आमची गरज आम्ही मापाखाली झाकली होती. त्या मुलाच्या वडिलांनी प्रेमापोटी जे केले, तेच आम्ही संकोचापोटी केले. त्यांना त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली. आमच्या बाबतीत आजार वेळेवर सापडला, इतकाच काय तो फरक.

पुढच्या रविवारी मुलगा आला तेव्हा आम्ही त्याला हे सारे सांगितले. ठिपक्यांविषयी, अभ्यासवर्गाविषयी, पाण्याच्या बाटलीविषयी. पापनिवेदन ऐकणाऱ्याने समोरच्याकडे पाहू नये, असा संकेत आहे. तो त्या मुलाने त्या दिवशी पाळला. खाली पाहत त्याने सारे ऐकले. शेवटी एवढेच विचारले, “दुखलं का, फादर?”

“टाचणी टोचावी इतपत.”

“नाही, ते नाही. एकट्याने जाणं.”

“हो,” आम्ही म्हणालो.

मग गोंदणाविषयी बोलणे झाले. वाचलेले सारे आम्ही त्याच्यापुढे ठेवले. अंगात टोचण्यासाठी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोणत्याही शाईच्या रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शायांतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले आहेत. अतिनील शाई दिव्याखाली पाहूनच टोचावी लागते, म्हणून हात सरावलेला हवा. उन्हाने ती फिकी होते. साध्या उजेडातही पुसट व्रणासारखी रेघ उरू शकते. कातडीला न मानवल्यास सूज व खाज येते, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे. सुई नवी, निर्जंतुक हवी. आणि गोंदवून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

या शेवटच्या वाक्याला त्याने मान वर केली. त्याचे वडील आमच्या धर्मग्रामाच्या शिबिरात दरवर्षी रक्त देत असत. “मग नोव्हेंबरातलं शिबिर होऊ दे. बाबांच्या नावाने एकदा देतो,” तो म्हणाला.

निघताना आम्ही त्याला संत ऑगस्टिन यांचा एक दाखला सांगितला. रोमन सैन्यात शिपायाच्या अंगावर सेवेची खूण करीत. शिपाई पळून गेला तरी ती खूण जात नसे; आणि तो परत आला तर त्याला नवी खूण करीत नसत, जुनीच ओळखून घेत. स्नानसंस्काराची मुद्रा तशी आहे, असे ते आपल्या काळातील वादात सांगत. हे आम्ही त्या मुलासाठी सांगितले की स्वतःसाठी, कोण जाणे. “क्रूस गोंदव किंवा गोंदवू नकोस,” आम्ही म्हणालो. “तुझ्या बाबांनी काढलेला तसाही गेलेला नाही. पण आईपासून लपवून मात्र करू नकोस. तिला बरोबर ने.”

गेल्या जानेवारीत मायलेक दोघे मिळून आले. मुलाने उजव्या मनगटाच्या आतली बाजू पुढे केली. खिडकीच्या उजेडात बारीक खरचटल्यासारखी एक रेघ, ती सुद्धा सांगितल्यावर दिसावी इतकीच. आम्ही पडदा ओढला आणि नोटांचा दिवा लावला. मनगटावर बोटाच्या पेराएवढा निळसर क्रूस उजळला. वडिलांचा अंगठा वरून खाली आणि मग डावीकडून उजवीकडे जसा फिरत असेल तशाच, जरा वाकड्या, दोन रेघा. माउलीने पैशांविषयी काही म्हटले नाही. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग तिने आपला अंगठा त्या रेघांवरून हळूच फिरवला आणि दिवा बंद करायला सांगितला.

त्या मुलाने आईला बरोबर नेले होते. आता आमची पाळी होती.

११ फेब्रुवारी हा लूर्दच्या मातेचा सण. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवून दिला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. आमच्याकडे त्या दिवशी आजाऱ्यांसाठी विशेष मिस्सा असते आणि पुढच्या बाकांवर बसलेल्या आजारी व वृद्ध मंडळींना तैलाभ्यंग दिला जातो. या वर्षी मिस्सा साहाय्यक धर्मगुरूंनी अर्पण करावी, असे आम्ही त्यांना सांगितले. प्रवचनाच्या वेळी आम्ही उठून माइकपाशी गेलो आणि चार वाक्ये बोललो. आजाराचे नाव सांगितले, अवयवाचेही सांगितले. अभ्यासवर्ग खोटा होता हे सांगितले आणि त्याबद्दल क्षमा मागितली. मग जाऊन पहिल्या बाकावर, काठी टेकून बसलेल्या एका आजोबांशेजारी बसलो.

चार आठवडे आम्ही इस्पितळात जाताना पिशवीत आजाऱ्यांच्या तेलाची कुपी नेत होतो. वाटेत कोणाला लागली तर असावी म्हणून. ती कधी स्वतःसाठी उघडावी, असे आम्हांला सुचले नव्हते. आज आमच्याच साहाय्यक धर्मगुरूंनी, आमच्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या त्या तरुणाने, आमच्या कपाळावर आणि तळहातांवर अंगठ्याने तेल लावले. त्यांचा अंगठा थोडा थरथरत होता. मिस्सा संपेपर्यंत तेल कपाळात जिरून गेले.

त्यानंतरच्या महिन्यात रविवारच्या त्या निवांत तासाला तीन पुरुष वेगवेगळे येऊन गेले. तिघेही पन्नाशीच्या पुढचे. तिघांनीही आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग, दाराकडे एकदा पाहून, ती रक्ताची तपासणी कुठे करतात ते विचारले. आम्ही पत्ता लिहून दिला.

रुग्णदिनाच्या त्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर धर्मशिक्षणाच्या त्या बाई भेटल्या. बंद गळ्याचे ब्लाउज, पदर नीट लावलेला. गर्दी ओसरेपर्यंत त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि मग जवळ येऊन त्यांनी पहिल्यांदाच चौकशी केली.

“फादर, तुमचा तो आजारी बरा आहे ना?”

“बरा आहे,” आम्ही म्हणालो. “आज तो मिस्सेला आला होता.”